ट्रिप ठरवताना सगळ्यात लहान चिठ्ठी बघा



या वेळी लोणचं नाही, पापड नाही, पर्युषणाचा फराळही नाही. या वेळी भांडण आहे. ते मी सुरू केलं, म्हणून मीच सांगते.

आमची भिशी चौदा जणींची. दर महिन्याला नंदुरबारात कुणाच्या ना कुणाच्या घरी जमतो, नाश्ता होतो, चिठ्ठी निघते आणि दिवस मावळायच्या आत सगळ्या घरी. गेली दोन वर्षं एकच विषय चालू होता: सगळ्या मिळून एकदा बेटावर जाऊ. बेटच का, हे मला अजून नीट कळलेलं नाही. चारी बाजूंनी पाणी असलं की घरून कुणी हाक मारू शकत नाही, असं बहुधा वाटत असावं. आमच्यातल्या चौघींनी समुद्र पाहिलाय तो मुंबईला दवाखान्याच्या कामाला गेल्या तेव्हा, टॅक्सीच्या काचेतून.

मग ग्रुपवर एक पत्रक आलं. बाली. सहा रात्री सात दिवस, सोबत आपला महाराज, जैन किचन, सूर्यास्तापूर्वी जेवणाची हमी, माणशी ८५,००० रुपये. दहा मिनिटांत नऊ जणींचे अंगठे पडले. काही जणी गप्प राहिल्या. एकीने लिहिलं, ‘माझे गुडघे दुखतात गं, तुम्ही जाऊन या.’

तिला मी तीस वर्षं ओळखते. गेल्याच वर्षी ते गुडघे पालिताण्याच्या साडेतीन हजारांच्या आसपास असलेल्या पायऱ्या चढून आले. माझ्या आधी वर पोचली होती ती, आणि मी पोचेपर्यंत माझ्यासाठी सावलीत जागा धरून बसली होती.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडे गेले. ती मेथी निवडत होती. मी पण बसले निवडायला. अर्धी जुडी होईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मग तिनेच सांगितलं. यजमान मिरचीच्या व्यापारात. अवकाळी पावसात पथारीवर वाळत घातलेली मिरची भिजली, काळी पडली, ती कुणी घेईना. ‘पंच्याऐंशी हजार म्हणजे मुलीच्या कॉलेजचं वर्ष आहे गं,’ म्हणाली.

‘मग तसं सांगायचं ना.’

‘कुणाला?’

हे मी तिला विचारून लिहिते आहे. नाव घालायचं नाही, एवढीच तिची अट आहे.

त्या ‘कुणाला?’ने मला दोन रात्री झोप लागली नाही. साधर्मिक भक्तीवर आपण किती बोलतो! साधर्मिकाला जेवू घालणं हे केवढं पुण्य, हे आपल्याला पाठशाळेपासून पाठ. पण साधर्मिक बाई शेजारी बसून गुडघ्याचं खोटं सांगते आणि आपण म्हणतो, ‘अगं, तेल लाव.’ बाहेरच्यांना वाटतं जैन म्हणजे पैसेवाले. त्यांचं सोडा, आपल्याला स्वतःलाही तसंच वाटायला लागलंय. म्हणून आपल्यातल्या ज्या बाईकडे पैसे नसतात तिला दुहेरी ओझं: नसल्याचं एक आणि ते लपवण्याचं दुसरं.

पुढच्या भिशीत मी सांगितलं की बालीचं ठरवण्याआधी एक करू. प्रत्येकीने एका कागदावर आकडा लिहायचा. घरात कुणाला न विचारता, कुणाकडून उसने न घेता, मनाला न टोचता जेवढे खर्च करता येतील तेवढे. नाव लिहायचं नाही. स्टीलच्या डब्यात टाकायचं. सगळ्यात लहान चिठ्ठीवर जो आकडा, तेवढ्यात ट्रिप बसवायची.

एक काकू म्हणाल्या, ‘हा काय खेळ?’ पण लिहिलं सगळ्यांनी. चौदा चिठ्ठ्या. सगळ्यात मोठी एक लाख. सगळ्यात लहान पाच हजार, आणि पाच हजारांच्या चिठ्ठ्या एक नव्हे, तीन निघाल्या. म्हणजे माझ्या मैत्रिणीसारख्या आणखी दोघी त्याच खोलीत बसून खाकरा खात होत्या. त्या कोण, हे मला आजही माहीत नाही, आणि मी शोधणारही नाही.

इथे भांडण लागलं.

पहिला मुद्दा आला तो मदतीचा. ‘अगं, मग ज्यांना जमत नाही त्यांचं आपण बाकीच्या मिळून भरू की. त्यात काय?’ बोलणाऱ्या वहिनी मनाने फार मोठ्या आहेत, आणि त्यांनी खरंच भरले असते. पण मला सांगा, सात दिवस दुसरीच्या पैशावर फिरणारी बाई समुद्राकडे बघेल की आपल्याला कुणी बघतंय का ते बघेल? ती आइस्क्रीम मागेल? ‘मला इथे अजून थोडं बसायचंय’ म्हणेल? दवाखान्याला मदत घ्यावी, फीला घ्यावी. मजेला घेतलेली मदत जन्मभर अंगावर राहते. प्रत्येक लग्नात, प्रत्येक पारण्याला तिला आठवत राहील की हिने माझं तिकीट काढलं होतं. आणि खरं सांगू, देणारीलाही आठवत राहील. आपण काही वीतराग नाही.

दुसरा मुद्दा होता, ‘पाच हजारात काय होतं? लोक काय म्हणतील?’ याला उत्तर द्यायचीही माझी इच्छा नव्हती, पण दिलं. पाच हजारात काय होतं ते पुढे हिशेबाने सांगते.

तिसरा मुद्दा मात्र खरा होता आणि तो मी उडवून लावणार नाही. आमच्यातली सगळ्यात शांत वहिनी म्हणाली, ‘वर्षभर मी सकाळी पाचला उठून पाणी उकळते. सासऱ्यांची नवकारशी, मुलांचा डबा, संध्याकाळी चौविहाराच्या आधी सगळ्यांची ताटं. एकदा तरी कुणी मला वाढावं. तुझ्या स्वस्त ट्रिपमध्ये पुन्हा मीच थेपले लाटायचे का?’

मला लगेच उत्तर सुचलं नाही. तिचं बरोबर आहे. टूरवाले जे विकतात ते बाली नाहीच, ते विकतात सात दिवसांची सुट्टी, तव्यापासून. म्हणून तर पंच्याऐंशी हजार निघतात. ती सुट्टी मिळालीच पाहिजे. पण ती विकत घ्यायला हजारो मैल जावं लागतं, असं कुणी सांगितलं? ती घरातच मागावी लागते. आम्ही ठरवलंय की निघायच्या आदल्या दोन दिवसांत थेपले, दशम्या, खारी पुरी हे ज्या त्या घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी करायचं. जाड होतील, करपतील. खाऊ. माझ्या घरी या वाक्यावर बरीच शांतता पसरली होती. मुलाने यूट्यूब उघडलं.

आता त्या पत्रकाबद्दल.

त्यावर हिरव्या भातखाचरांचा फोटो होता, पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी. सुंदरच. बालीतल्या शेतकऱ्यांची पाणी वाटून घेण्याची जी जुनी पद्धत आहे, सुबक म्हणतात तिला, तिला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. देवळाच्या भोवती बसून कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते शेतकरी आपसांत ठरवतात. आणि त्याच बेटावर हॉटेलं, तरणतलाव आणि व्हिला वाढत गेले, शेतं विकली गेली, पाण्याची ओढाताण सुरू झाली. म्हणजे ज्या खाचराच्या फोटोवर आपल्याला बोलावलं, तेच आपण गेल्यामुळे आटतं. फिलिपिन्समध्ये बोराकाय नावाचं छोटं बेट आहे. तिथे इतकी गर्दी, इतकं सांडपाणी झालं की २०१८ मध्ये सरकारने सहा महिने बेटच पर्यटकांना बंद ठेवलं. मालदीवच्या मालेमध्ये २०१४ च्या डिसेंबरात समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याला आग लागली आणि लाखभर माणसांच्या नळाला पाणी नाही. आपल्या देशातून विमानाने आणि जहाजाने पाणी गेलं. बेटावर गोडं पाणी असं मोजून असतं. आपण पाणी गाळून घेणारी माणसं. हात धुताना तांब्यात किती पाणी उरलं ते बघणारी. मग टबात बसून फोटो काढताना तो हिशेब कुठे जातो?

एक काकू मध्येच म्हणाल्या, ‘पण सोबत महाराज असतो, जैन किचन असतं, धर्म पाळला जातो.’ ताटात पाळला जातो, मान्य. बटाटा नसतो. पण मी तशी एक टूर केलेली आहे, कुठली ते सांगत नाही. सात दिवसांत आम्ही त्या देशातल्या एकाही माणसाशी बोललो नाही. बसमधून उतरायचं, फोटो, बसमध्ये चढायचं, अंताक्षरी, ढोकळा. शेवटच्या दिवशी मार्गदर्शकाला आम्ही विचारलं, ‘तुम्ही घरी काय खाता?’ तो इतका चकित झाला की त्याला उत्तरच सुचेना.

आमच्यातल्या एकीने दिशांच्या मर्यादेचं व्रत घेतलंय, देशाबाहेर जायचं नाही. तिने पहिल्याच दिवशी ग्रुपवर तसं लिहिलं होतं. तिला एकीने काय उत्तर दिलं असेल? ‘सूट घे ना महाराजसाहेबांकडून.’ बालीसाठी! मी तेव्हा काही बोलले नाही, म्हणून आता लिहिते.

तर बेट शोधायचं. पाच हजारात, गर्दी नसलेलं, देशातलं.

अंदमान आणि लक्षद्वीप पहिल्याच फेरीत गळाले. विमानाचं किंवा जहाजाचं भाडंच एवढं, आणि लक्षद्वीपला तर परवाना लागतो. मग एक भाची म्हणाली, ‘मावशी, बेटं आपल्याच जिल्ह्यात आहेत की.’ खरंच आहेत. धडगाव-अक्कलकुव्याकडे, सातपुड्यात, नर्मदेच्या काठाला. सरदार सरोवराचं पाणी चढलं की टेकड्यांची बेटं होतात. बोटीतून फोटो काढून आणलेत तिच्या मैत्रिणींनी, स्वित्झर्लंड वाटेल असे.

पण ती बेटं झाली कशी? महाराष्ट्रातली ३३ गावं त्या धरणाच्या बुडितात आली. मणिबेली त्यातलं पहिलं. तिथल्या माणसांना बाजाराला बोट, दवाखान्याला बोट, आणि दवाखानाही बोटीवरचाच, तरंगता. आंदोलनातल्या लोकांनी मुलांसाठी जीवनशाळा काढल्या, त्यातल्या काहींच्या इमारतीही पाण्याने नेल्या. आपण नंदुरबारात राहून हे किती जणींना माहीत आहे? पलीकडे गुजरातेत केवडियाला १८२ मीटरचा पुतळा बघायला आमच्यातल्या अकरा जणी जाऊन आल्या, दोघी तर दोनदा. त्याच पाण्याच्या अलीकडच्या काठावर काय आहे, ते एकीनेही पाहिलेलं नाही. मीही नाही. भाचीला मी सांगितलं की तिकडे जाऊ, पण डबा उघडून ‘वा काय व्ह्यू’ म्हणायला नाही. जीवनशाळेत काय लागतं ते आधी विचारू, ते घेऊन एका दिवसात जाऊन येऊ. ते काम वेगळं, ही ट्रिप वेगळी. दोन्ही एकत्र केलं की आपण सहलीला सेवा म्हणायला लागतो, आणि त्याचा मला फार राग आहे.

मग सापडलं दिवाड.

गोव्यात. थांबा, पत्रिका बंद करू नका. घरी मी ‘गोवा’ म्हटलं तेव्हा यजमानांच्या हातातला चहाचा कप बशीत वाजला होता. ‘गोव्याला? बायका-बायका?’ त्यांच्या डोळ्यांसमोर जे गोवं आहे ते कळंगुट-बागाच्या किनाऱ्यावरचं आणि पणजीच्या मांडवीतल्या जुगाराच्या बोटींचं. त्याच मांडवीने थोडं वर, आतल्या बाजूला या. जुने गोवे लागतं, मोठमोठी चर्चेस असलेलं, जिथे सगळ्या बसेस थांबतात. तिथून नदीकाठाला सरकारी फेरीबोटीचा धक्का आहे. बोटीत पायी चढणाऱ्याला तिकीट नाही. चकटफू! काही मिनिटांत पलीकडे उतरलात की दिवाड बेट. या बेटाला पूल नाही. मुख्य भूमीवरून येणारं सगळं, दूध, वर्तमानपत्र, नवरी, आजारी माणूस, त्या बोटीतूनच येतं. बेटावर किनारा नाही, वाळू नाही, म्हणून ती सगळी गर्दी इकडे फिरकत नाही. भातशेती आहे, टेकडीवर पिएदादचं चर्च आहे, जुनी कौलारू घरं आहेत. त्यातल्या काही घरांत खोल्या भाड्याने मिळतात.

तिथली शेती तर मला बघायचीच आहे. खाजन म्हणतात त्या जमिनीला. नदीला समुद्राची भरती येते, खारं पाणी आत शिरतं. ते अडवायला मातीचे बांध, आणि बांधात लाकडी दारं. त्या दारांना मानस म्हणतात. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. शेकडो वर्षं लोकांनी ही दारं सांभाळली म्हणून तिथे भात पिकतो. कोरगुट नावाचा भात तर थोडं खारट पाणीही सोसतो. आमच्यातल्या शिक्षिकेने हे ऐकून ताबडतोब वही काढली.

दिवाडच्या दुसऱ्या टोकाहून आणखी एक फेरी आहे, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला जाणारी. तिचीही एक गोष्ट आहे. कदंब राजांचा कुलदेव सप्तकोटेश्वर मूळचा या दिवाड बेटावरचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात देऊळ पाडलं, तेव्हा लोकांनी लिंग नदीपलीकडे नेलं आणि नव्या जागेलाही आपल्या जुन्या गावाचंच नाव दिलं, नार्वे. पुढे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार करायला लावला. आणि त्याच नार्व्यात जैनकोट नावाने ओळखले जाणारे एका जुन्या जिनालयाचे अवशेष आहेत. आहेत म्हणजे पडक्या भिंती. पूजा नाही, आरती नाही, पुजारी नाही. फोंड्याजवळ बांदिवड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत, तेही तसेच. गोव्यात कधीकाळी आपली माणसं होती, मंदिरं बांधण्याएवढी होती, हे मला पन्नाशी ओलांडेपर्यंत ठाऊक नव्हतं. बालीच्या पत्रकात ते कसं असेल? तिथे जायला तिकीट नाही, त्यामुळे कुणाला दलाली नाही.

मी त्या भिंतींसमोर एक नवकार म्हणणार आहे. बाकी कुणी म्हणावा असा आग्रह नाही.

आता हिशेब. नंदुरबारहून आपल्या तापी लाइनने सुरत, सुरतेहून वसईमार्गे कोकण रेल्वेने गोवा, स्लीपरने, जाऊन-येऊन मिळून आम्ही तेराशे धरलेत. सगळ्या गाड्या करमळीला थांबत नाहीत. करमळी म्हणजे जुन्या गोव्याच्या जवळचं स्टेशन. नाहीतर थिवी किंवा मडगावला उतरून कदंबच्या बसने यावं लागतं, म्हणून तिकीट काढण्याआधी थांबे बघा. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. पंचेचाळीसच्या पुढच्या बायकांना खालच्या बर्थचा कोटा असतो, तो निवडायला विसरू नका. वय लपवायची ही जागा नव्हे. आमच्यातल्या दोन काकूंना पूर्वी भाड्यात निम्मी सवलत मिळाली असती, ती २०२० पासून बंद आहे. त्याबद्दल मी आणखी एक भांडण करू शकते, पण पुन्हा कधीतरी.

राहायला एका घरातल्या तीन खोल्या, एका रात्रीचे ४,२०० सांगितले. सात जणींत सहाशे. तीन रात्रींचे अठराशे. दिवसातून एक जेवण विकत, त्याचे चार दिवसांचे आठशे. बस-रिक्षाला चारशे. झाले ४,३००. उरलेले सातशे एका डब्यात, अडीअडचणीला. नाही लागले तर परतीच्या गाडीत ज्याचे त्याला.

जेवणाचं नीट सांगते, कारण सगळ्यांना भीती तिचीच असते. गोव्यात ‘शिवराक’ म्हटलं की मासे-मांस नको, एवढं बरोबर कळतं. पण कांदा, लसूण, बटाटा नको हे वेगळं सांगावं लागतं, आणि आदल्या दिवशी सांगावं. खतखते नावाची त्यांची प्रसिद्ध भाजी आग्रहाने वाढतील. तिच्यात सुरण, रताळी असं बरंच जमिनीखालचं असतं, आधी विचारा. वरण-भात, हिरवी भाजी, सोलकढी सांगितली तर लसणीवाचून करून देतात, असं घरमालकीणबाईंनी फोनवर कबूल केलंय. मी त्यांना तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी त्या हसल्या आणि म्हणाल्या, ‘बाई, आमच्याकडेही उपास असतात.’ सकाळ-संध्याकाळ आपला डबा. नवापूरची तूरडाळ आणि बारीक तांदूळ सोबत नेतोय, खिचडीची वेळ आलीच तर. पाणी उकळायला विजेची किटली, गाळायला गरणं. दिवस मावळायच्या आत जेवण करायला अडचण काहीच नाही, कारण रात्री तिथे करण्यासारखं फारसं काही नाही. टूरवाल्यांच्या भाषेत याला ‘नाइटलाइफ नाही’ म्हणतात.

दिवस माघातले निवडलेत, सोमवार ते गुरुवार. चातुर्मास नाही, नाताळ-नववर्षाची झुंबड नाही. कार्निव्हालचे दिवस बघून टाळले. ऑगस्टात बेटावर बोंदेराम उत्सवाला गर्दी होते, तेव्हा तर आपण घरीच.

एक नियम मात्र मी घातलाय, त्यावरही कुरकुर झाली. फेरीबोटीत सकाळी शाळेच्या आणि ऑफिसच्या वेळी चढायचं नाही. सात जणी आणि सात पिशव्या घेऊन आपण चढलो की त्या बेटावरची एखादी बाई धक्क्यावर राहते, तिला पुढच्या बोटीची वाट बघावी लागते. आपल्याला बोट म्हणजे मजा. तिला ती बस आहे. तसंच कुणाच्या ओट्यावर चढून फोटो काढायचा नाही. जुनं घर दिसलं की आपल्या बायकांना अंगण आणि परवानगी यांतला फरक कळेनासा होतो, हे मी राजस्थानात पाहिलंय.

तर शेवटी असं झालं. पाच जणी बालीला जाणार. जाऊ देत. त्यांच्याशी बोलणं बंद नाही, पुढची भिशी त्यांच्यातल्याच एकीकडे आहे. सात जणी दिवाडला. दोघी कुठेच नाहीत, त्यांच्याशी मी अजून बोलते आहे. डब्यातल्या तीन लहान चिठ्ठ्या कुणाच्या ते मला ठाऊक नाही, त्यामुळे त्या दोघी पाच हजारांमुळे थांबल्यात की घरच्यांमुळे, तेही ठाऊक नाही. शांत वहिनी आमच्यात आहे. तिच्या यजमानांनी थेपल्याची रंगीत तालीम केली. तिने फोटो पाठवला, महाराष्ट्राचा नकाशा होता अगदी, कोकण जरा जास्तच लांब.

ज्या वहिनी सगळ्यांचं भरायला तयार होत्या, त्यांनी एक लाखाची चिठ्ठी आपली होती हे स्वतःच सांगितलं. त्याही पाच हजारातच येताहेत. ‘वरचे काय करू?’ विचारत होत्या. मी म्हटलं, जीवनशाळेच्या दिवशी बघू.

आरक्षण परवा सकाळी आठला उघडलं. साडेआठला गुडघेवाल्या मैत्रिणीचा फोन.

‘बोटीतून उतरल्यावर त्या टेकडीवरच्या चर्चपर्यंत चढ किती आहे गं?’

‘का? गुडघे?’

‘नाही. सकाळी तुम्ही उठायच्या आत जाऊन येईन म्हणते.’